बैठी नोट

या, असे जवळ सरका. पाठ टेका, पाय मोकळे सोडा. आजची गोष्ट घाईची नाही. पैशाच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. कुणी मिळवला, कुणी उडवला, कुणी पुरून ठेवला आणि जागाच विसरला. आजची गोष्ट पैशाच्या अंगाची आहे. देवानं आत्म्याला देह दिला, तसाच पैशालाही कुणीतरी देह द्यावा लागतो, आणि हे घर पिढ्यान्पिढ्या तेच करत आलं. नोटेचा कागद करणाऱ्या या घरात एका रविवारी दुपारी काय झालं, ते सांगतो. चित्त इकडे असू द्या.

रविवारी कारखाना बंद असे. एरवी दिवसभर घरघरणारं कागदाचं यंत्र गप्प असलं की घराला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. टाक्यांमध्ये भिजलेल्या कापसाचा वास तेवढा अंगण ओलांडून यायचा. त्या दुपारी सगळे मेणखोलीत जमले होते. उत्तरेकडे मोठी खिडकी, भिंतीशी कोरणीच्या बारीक हत्यारांची फळी आणि मधोमध ते काचेचं टेबल, ज्याच्या पोटात दिवे होते. आत्याची ही खोली, तीन भावंडांतल्या मधल्या बहिणीची. काचेच्या ताटावर मेणाचा थर देऊन त्यात ती चेहरा कोरायची. मेण पातळ केलं की खालचा उजेड वर येतो, जाड ठेवलं की सावली पडते. त्या मेणावरून धातूचा ठसा, ठशावरून तारेची जाळी, आणि जाळीवर लगदा बसला की कागदाच्या आत तोच चेहरा. नोट उजेडाला धरल्यावर तुम्हाला दिसतो ना, तो. बाहेरचे लोक त्याला वॉटरमार्क म्हणतात. या घरात सगळे नुसतं ‘मुलगी’ म्हणत, कारण या खेपेला आत्यानं एक मुलगी कोरली होती.

वर्षानुवर्षं खपून कोरली होती. किंचित वळलेली मान, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात न आलेलं हसू, आणि गालावर असा उजेड की बघणाऱ्यानं नकळत स्वतःच्या गालाला हात लावावा.

आता या घराची रीत सांगतो. नवा कागद निघाला की तो घासायला, ओढायला, दुमडायला यंत्रं होतीच. पण त्यांच्यावर घराचा विश्वास बेताचाच. यंत्राला खिसा नसतो, घाम नसतो, विसरभोळेपणा नसतो. म्हणून नव्या कागदाचा एकेक तुकडा, त्यावर छपाई नाही, आत नोटा काढणाऱ्या सरकारी बँकेचा चमकता धागा नाही, नुसता कागद आणि चेहरा, घरातल्या प्रत्येकानं न्यायचा आणि पैसा बाळगतात तसा बाळगायचा. वर्ष सरलं की या टेबलाशी जमून प्रत्येकानं आपला तुकडा काचेवर ठेवायचा. याला म्हणत हजेरी. हजेरी झाली की सगळे तुकडे पुन्हा टाकीत, लगद्यात. एकही बाहेर राहायचा नाही, असा बँकेचा नियम होता.

यंदाच्या हजेरीला दुसरंच वजन आलं होतं. बँकेनं फोनातला पैसा काढला होता, स्वतःचा, सरकारी. कागदाची मागणी दर साली आटत चालली होती. आणि पुठ्ठ्याची खोकी करणारी एक मोठी कंपनी दारात उभी होती. तिला सगळा कारखाना हवा होता. कामगार ती ठेवून घेणार होती, यंत्र मात्र भंगारात. कारखान्यावर तीन भावंडांची मालकी. दोघांच्या सह्या झाल्या की व्यवहार पक्का. थोरले सही करायला तयार होते. धाकटे म्हणत होते, आधी माझ्या छातीवर पाय द्या. राहिली होती मधली, आत्या.

आणि आत्यानं काही दिवसांपूर्वी जेवता जेवता सांगून टाकलं होतं, “माझी मुलगी सांगेल ते. चेहरा वर्षभर टिकला असेल, तर मी धाकट्याच्या बाजूनं. मोडला असेल, तर दादा, सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखव.”

तेव्हापासून घरात दोघे भाऊ एकमेकांशी अतिशय गोड बोलत होते.

“मला तर धडकीच भरलीय,” मोठ्या वहिनी, थोरल्यांच्या मंडळी, चहाचे कप मांडत म्हणाल्या. “भांडतात तेव्हा बरं असतं. आज सकाळी धाकटे भावोजी ह्यांना म्हणाले, ‘दादा, आधी तुम्ही घ्या.’ मी म्हटलं, आता बुडालं घर.”

“वहिनी, चहात साखर आहे की तीही फोनावर पाठवलीय?” धाकटे म्हणाले. सगळे त्यांना लगदामास्तर म्हणत. लगद्यात बोट बुडवून ते त्याची तब्येत सांगत, वैद्यानं नाडी बघावी तशी.

“तुमच्या चिरंजीवांना विचारा. सगळं तेच पाठवतात फोनावरून.”

चिरंजीव खिडकीत उभे होते. धाकट्यांचा मुलगा, कागदाचंच शास्त्र शिकून आलेला. पण तो नोकरीला लागला खोक्याच्या कंपनीत, आणि तिचा प्रस्ताव त्यानंच घरात आणला, तेव्हापासून त्याचं नाव पुठ्ठेसाहेब पडलं होतं. बापाशी त्याचं बोलणं जवळजवळ बंद होतं. काकांच्या खुर्चीमागे तो उभा राहिला की धाकट्यांचा जीव तीळ तीळ तुटायचा, कारण थोरल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला त्यांना दिसायचा.

थोरल्यांना मात्र त्या खांद्यावर हात ठेवताना मुळीच जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. त्यांचा स्वभाव सांगून ठेवतो. मनातलं ओठावर यायला त्यांना चार दारं ओलांडावी लागतात. त्यांना वडील आठवत होते. वडील नोट हातात घेऊन आधी कानाशी नेत, ती खडखडते कशी ते ऐकत. ‘कागद सुरात आहे’ म्हणाले की माल पास. थोरल्यांना एवढंच वाटत होतं, की हे सगळं ताठ मानेनं संपावं. ऑर्डरी आटत आटत एक दिवस यंत्र गंजून जागच्या जागी मरावं, कामगारांनी तोंड चुकवत दुसरीकडे जावं, हे त्यांना बघवणार नव्हतं. गाणाऱ्यानं आवाज फुटायच्या आत समेवर यावं, असं त्यांना वाटत होतं. यात काय चुकलं?

“बँकवाली कुठाय?” आत्यानं विचारलं.

थोरल्यांची मुलगी. बँकेत होती, आणि तीही नेमकी फोनातला पैसा घडवणाऱ्या विभागात. “बापानं पैशाला अंग दिलं, लेकीनं ते काढून घेतलं,” असं धाकटे म्हणायचे, पण तिच्यासाठी स्टेशनावर आधी तेच पोहोचायचे. ती आली ती दारातच हात वर करून.

“आधीच सांगते. ऑफिसातलं मला काही विचारायचं नाही. मी लिहून दिलेलं आहे.”

“आम्ही कुठं विचारतोय?” वहिनी म्हणाल्या. “पण जेवणार किती, ते तरी सांग. त्यावरून आम्ही ओळखू.”

“आई!”

“बरं, निदान खोक तरी. अर्थ आम्ही लावू.”

सगळे हसले, पण सगळे तिच्याकडे बघतही होते. या घराला एक खोड होती. समोर आलेली कुठलीही गोष्ट उजेडाला धरून आतलं बघायचं. मग ते लग्नाचं कार्ड असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, की घरची लेक. तिनं चहा अर्धा टाकला. थोरल्यांनी मनात नोंद केली, बातमी वाईट आहे. तिनं आत्याच्या गळ्यात हात टाकले. धाकट्यांनी नोंद केली, बातमी फारच वाईट आहे. बिचारी रात्रभर प्रवासात जागी होती, तिला चहा नको होता आणि आत्या हवी होती. एवढंच. पण भीती आपल्याला हवं तेच वाचत असते, नाही का?

“चला,” आत्या म्हणाली. “दिवे लावा.”

टेबलाच्या पोटातले दिवे लागले. सगळ्यांचे चेहरे खालून उजळले, जणू कुणी रंगभूमीवर आणून उभं केलं.

हजेरी थोरल्यांपासून सुरू झाली. त्यांनी चष्म्याची डबी काढली आणि तिच्या तळाशी असलेला, दोनदा दुमडलेला तुकडा काचेवर ठेवला.

“डबीत?” धाकटे म्हणाले. “दादा, पैसा खिशात ठेवतात.”

“खिशात फोन असतो.”

“ऐका! कागदाच्या घरातला थोरला!”

“आणि तुझा?”

धाकट्यांनी शर्टाची वरची गुंडी सोडली. पूर्वीच्या हजेऱ्यांत त्यांचा तुकडा ही एक मौज असायची. घामानं, तेलानं, लगद्यानं माखलेला, चिंधी झालेला. तो टिकला तर कागद देवाच्या दारीही टिकेल, असं म्हणत. या वेळी त्यांनी शर्टाच्या आतून एक लहानसं पाकीट काढलं. त्यातून दोनदा दुमडलेला, पांढरास्वच्छ तुकडा निघाला.

“कपाटात होता,” ते म्हणाले. “कपड्यांखाली.”

“कपाटात?” थोरल्यांची भुवई चढली. “मग कँटीनमध्ये काय देतोस?”

धाकटे रिकामं पाकीट पुन्हा शर्टाच्या आत सारू लागले.

“बाबा,” खिडकीतून पुठ्ठेसाहेब हळूच म्हणाला, “सांगून टाका.”

“तू बोलू नकोस!” मग भिंतीकडे बघत, “चहावाला सुट्टे ठेवत नाही हल्ली. मी काय करू? त्यानं तो चौकोन दाखवला, मी फोन धरला. किणकिण वाजलं. झालं.”

वहिनी हसून हसून खुर्चीवर बसल्या. थोरलेही हसले, खूप दिवसांनी. “माझ्या छातीवर पाय द्या म्हणे!”

“हसा. हसा दात दाखवून. तुमचा कुठं होता वहिनी?”

“दागिन्यांच्या डब्यात. चांगला जपून.”

पुठ्ठेसाहेबाचा पाकिटात होता. ते पाकीट तो घरीच विसरून जायचा आणि त्याचं काही अडायचं नाही. आत्याचा तिच्या कापडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात.

आत्यानं सगळे तुकडे उलगडले. बोटांच्या टोकांनी, लहान मुलाच्या कपाळावरचे केस मागे सारावेत तसे. खालून उजेड आला, आणि तुकड्या-तुकड्यांतून ती मुलगी वर आली. किंचित वळलेली मान. न आलेलं हसू.

आणि गालावर चीर.

एका तुकड्यात केसाएवढी, दुसऱ्यात पुरती आरपार; पण प्रत्येकात. आडवी आणि उभी घडी जिथं भेटत होती तिथं, थेट गालावर, उजेडाचं भोक पडलं होतं.

धाकट्यांनी हात वर नेला आणि तो तसाच डोक्यावर ठेवून दिला. थोरल्यांना वाटलं होतं, या क्षणी आपल्याला हायसं वाटेल. वाटलं नाही. बहिणीकडे बघायचं त्यांच्यानं होईना.

आत्या बराच वेळ वाकून बघत होती. मग सरळ झाली. “दादा,” ती म्हणाली, “सही कुठं करायची?”

“अगं, बस तरी. पाणी पी.”

“पाणी नको. शब्द दिला होता. मोडला चेहरा. कागद कुठायत?”

“एक तुकडा राहिलाय,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चेष्टेचा नव्हता. “लेकीचा.”

सगळे वळले. बँकवाली टेबलापासून थोडी लांब उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

“हरवलास की काय?” थोरल्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग ठेव.”

तिनं खिशातून फोन काढला. सगळ्यांना वाटलं, आता कुणाचा तरी फोन आला म्हणेल आणि बाहेर जाईल. तिनं फोन पालथा केला, नखानं त्याचं रबरी कव्हर सोललं, आणि कव्हर व फोन यांच्या मधल्या फटीतून दोनदा दुमडलेला कागद काढून काचेवर ठेवला.

धाकट्यांच्या पोटातून असं काही हसू फुटलं की काचेवरचे कप थरथरले.

“फोनाच्या पाठीवर! अगं बाई! ज्यानं आमचं यंत्र बंद करायला घेतलं, त्याच्याच पाठुंगळीला आमची पोरगी!”

“काका, हसू नका ना.”

“का नको? सांग, आत कोट्यवधींचा पैसा धावतोय, आणि मागे हे चिठोरं कशाला?”

थोरले हसत नव्हते. ते लेकीकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला उजेडाला धरून न बघता सरळ विचारत होते. “ऑफिसचं नाही विचारत. तू म्हणून विचारतो. का ठेवलास?”

तिनं ते रबरी कव्हर बोटांत फिरवलं. “मला नाही माहीत, बाबा. खरंच. हातात आला आणि ठेवला. खरी नोटही एक तिथंच असते माझी, नेहमी. फोनातला पैसा माझी कामं करतो. पण तो माझ्याजवळ आहे असं मला कधी वाटत नाही. हा असतो. कधी काही झालं, तर मी, हा, आणि समोरचा माणूस. मध्ये कुणी नाही.”

“पण वापरलास कधी?”

“नाही. वापरायला नाहीच आहे तो.”

एव्हाना पुठ्ठेसाहेब टेबलाशी येऊन वाकला होता. त्यानं भिंग मागितलं, आत्यानं दिलं. बँकवालीचा तुकडा उलगडला, तर त्यातही गालावर तीच चीर. तो एकेक तुकडा बघत गेला, आणि आपण कुणाच्या बाजूनं उभे होतो ते विसरत गेला. शिकलेलं अंगात मुरलं की असंच होतं; हात आपली बाजू विसरतो.

“आत्या, कडा बघ. धारदार आहेत. मळ नाही, तेल नाही, तंतू उठलेले नाहीत. हा कागद झिजलाच नाहीये.”

“पण मोडलाय.”

“बसून मोडलाय. आपण करतो तो कागद धावायला केलाय. या हातातून त्या हातात, रोज नवी घडी, रोज दुसरीकडे. त्यात तो शंभर नंबरी आहे. हे सगळे तुकडे एकदा दुमडले आणि मग वर्षभर एकाच घडीवर दाबून बसवले. फोनाची गर्मी, डबीचं ओझं, दागिन्यांचं ओझं. पुठ्ठ्यात आम्ही घडीची जागा आधी दाबून घेतो, तिथं जाडी ठेवतो. नाहीतर खोकं कोपऱ्यात फुटतं. इथं नेमकं जिथं घडी बसली, तिथं कागद सगळ्यात पातळ आहे.”

“‘आम्ही’ म्हणाला बघा,” धाकटे पुटपुटले. पण त्यांचा हात मुलाच्या पाठीवर गेला होता आणि तिथून निघाला नाही.

“थांबा,” थोरले म्हणाले. “म्हणजे नोटा चालत नाहीत. हेच मी वर्षभर ओरडतोय ना?”

“चालत नाहीत हो,” वहिनी म्हणाल्या, “पण टाकली का कुणी? माझी दागिन्यांच्या डब्यात होती, केराच्या नव्हे. तुम्ही चष्म्यापाशी ठेवलीत, ज्याच्याशिवाय तुम्हाला माझं तोंड दिसत नाही. भावोजींनी कपाटात, पोरीनं फोनापाशी. प्रत्येकानं आपल्या सगळ्यात जिवाभावाच्या वस्तूपाशी नेऊन ठेवली, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.”

थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं. कालपर्यंत त्या त्यांच्या बाजूनं होत्या.

“काल रात्री तर म्हणत होतीस, विका आणि मोकळे व्हा.”

“काल माझ्यापुढं हे टेबल नव्हतं.”

“धंद्याचं बघ ना जरा. धावती नोट फाटते, म्हणून नवी लागते. बैठी नोट फाटणारच नाही, तर आपण विकायचं काय?”

“बैठी नोट!” धाकटे म्हणाले. “दादा, नाव छान दिलंस हं.”

“मी चेष्टा नाही करत.”

“मीही नाही. बैठी नोट फाटते, दादा. समोर फाटून पडलीय. उद्या घराघरांत लोक कपाटं उघडतील, अडीअडचणीला, आणि घडीवर मोडलेली नोट हाती येईल. मग कुणाचं नाव निघेल? आपण जो कागद केला तो आता चुकीच्या कामाला लागलाय. कुणीतरी बसायचा कागद केला पाहिजे. कमी लागेल, मान्य. पण लागेल. आणि तो करणारं दुसरं कोण आहे, सांग.”

“यंत्र अर्ध्या मापावर चालवता येईल,” पुठ्ठेसाहेब म्हणाला. “आणि काका, मालाची मोठी कोठारं आपल्याला लागणारच नाहीत. ती कंपनीला भाड्यानं देऊ. खोकी तिथं होऊ द्यात. यंत्राला हात लावायचा नाही, अशी अट घालू. जादा होतील ती माणसं कंपनीकडे जातील, पण याच फाटकातून आत येतील. कंपनीला हे पटवणं माझ्याकडे.”

“तुझे वरिष्ठ चिडतील,” थोरले म्हणाले.

“आज रविवार आहे. उद्या चिडतील.”

थोरले खुर्चीत बसले. माणसं, फाटक, यंत्र. त्यांनी मनातल्या मनात सगळं ओंजळीत घेऊन पाहिलं, आणि त्यातलं काही सांडत नव्हतं. मग ते लेकीकडे वळले. ती खिडकीबाहेर बघत होती, ओठ घट्ट मिटून. पण तिनं टेबलावरचा तो थंड झालेला अर्धा चहा उचलला आणि एका घोटात संपवला.

“यात काही अर्थ काढायचा नाही,” ती म्हणाली.

“छे,” थोरले म्हणाले, “कोण काढतंय.”

मात्र या सगळ्यात एक माणूस बोलत नव्हतं. आत्या अजून त्या चिरेकडे बघत होती.

तिच्या मनात काय चाललं होतं ते ऐका. उजेड हवा तर कागद पातळ हवा. हे ती वडिलांच्या मांडीवर शिकली. पण किती पातळ, हे प्रत्येकाचं आपलं. तिनं त्या गालावरचं मेण कोरत कोरत अशा टोकाला नेलं होतं, की त्याखाली काच लागेल. बँकेचा माणूस म्हणाला होता, असा उजेड आजवर कुठल्याच नोटेत बघितला नाही. तो उजेडच तिचा होता. बाकीचं सगळं नियमात बसवलेलं. मान, केस, हसू. गाल तेवढा तिचा.

“ताई,” धाकटे म्हणाले, “गालावर थोडं मेण चढव. जाड होईल, टिकेल. जरा अंधारेल, पण राहील.”

“नाही.”

“अगं, जराशानं काय होतंय?”

“जराशानंच तर होतं. गाल अंधारला की हसू खोटं पडतं. हसू बदललं की मान आखडते. मग ती ती राहत नाही. ओळखीच्या माणसाचा मुखवटा घातलेली कुणी दुसरीच बसते तिथं.”

“मग?”

“मग दुसरी करायची. सपाट, भरीव, घडीला न घाबरणारी. जिचा उजेड सगळीकडे सारखा सांडेल. बसून राहायची तर तशीच हवी.”

थोरल्यांनी सावकाश म्हटलं, “आणि दिलेला शब्द? मोडला तर सही करीन, म्हणाली होतीस.”

त्यांना खरं उत्तर हवं होतं, अडवायचं नव्हतं. हे फक्त तिला कळलं.

“मी म्हणाले होते, मुलगी सांगेल ते. तिनं सांगितलं, दादा. मी विचारलं त्यापेक्षा जास्तच सांगितलं. मी विचारलं, टिकलीस का? ती म्हणाली, मी नाही टिकले, पण मला कुणी टाकलंही नाही. यावर मी विकायची सही कशी करू?” मग थोडं हसून, “आणि शब्द मोडल्याचा दंड मी भरतेय की. बघ.”

तिनं कोपऱ्यातल्या कपाटातून ते काचेचं ताट आणलं, ज्यावर मूळ मेण होतं. उजेडावर ठेवलं. कागदात होती त्याहून किती तरी सुंदर ती मेणात होती. गालावर जणू पहाट. वहिनींनी तोंडावर पदर धरला. धाकटे म्हणाले, “ताई, नको. हे राहू दे. भिंतीवर लावू.” 

“भिंतीवर लावलं तर दुसरी होणार नाही. हात पुन्हापुन्हा हिच्याकडेच जाईल. मला माझा हात ठाऊक आहे.”

तिनं शेगडीवर लहान भांडं ठेवलं. रुंद पात्यानं एका कडेपासून मेण खरवडायला घेतलं. आधी केस, मग मान, मग हसू. गालाशी आली तेव्हा पातं बाजूला ठेवलं आणि तो तेवढा अंगठ्यानं पुसला. तिथं मेण होतंच किती. एका फेऱ्यात काच मोकळी झाली. मग भांड्यातलं मेण वितळून सपाट झालं, आणि तिनं ते पुन्हा त्याच काचेवर ओतलं, नव्यासाठी.

धाकट्यांनी सगळे तुकडे गोळा केले, लेकीच्या फोनामागचा सुद्धा, आणि नियमाप्रमाणे टाकीत सोडले. थोरले त्यांच्यासोबत गेले. दोघे भाऊ टाकीच्या कडेला उभे राहून लगदा फिरताना बघत होते. मागे मेणखोलीतून वहिनींचा आवाज आला, जेवायला येताय की मी पण बसून मोडू? आणि थोरले धाकट्यांना म्हणाले, “चल, आधी तू.”

घर राहिलं, यंत्र राहिलं, पुढं नवा चेहराही आला. तो टिकाऊ आहे, लोकांच्या कपाटांत सुखानं बसला आहे, आणि त्याला सगळे छान म्हणतात. त्याची काळजी तुम्ही करू नका. पण मंडळी, ती पहिली मुलगी आता कुठंच नाही. मेणात नाही, कागदात नाही, ठसा आणि जाळीही वितळवली. कुणाकडे बघून तिला कोरलं नव्हतं, त्यामुळे तिच्यासारखी दिसणारी एखादी तुम्हाला रस्त्यातही भेटायची नाही. ती मोडली म्हणून बाकीचं टिकलं. किंचित वळलेली मान, डाव्या कोपऱ्यात न आलेलं हसू, गालावर उजेड. एवढं मी तुमच्या हवाली करतो. तिची आठवण ठेवा.